बासष्ट आणि सहासष्ट

नरूदादाच्या ओळखीतल्या प्रत्येकाने एकदा तरी भिंतीकडे तोंड करून त्याची परीक्षा दिलेली आहे. पाठ फिरवून उभं राहायचं. मागे तो एक बेस गिटार मांडीवर घेणार, चार सूर वाजवणार, ती ठेवून दुसरी घेणार आणि तेच चार सूर तस्सेच पुन्हा वाजवणार.  मग एक खाकरणं आणि प्रश्न, "सांग गो, पयली कुठली व्हती?"

मला कधीच सांगता आलं नाही. मी आपली ठोकून द्यायचे, कधी बासष्ट म्हणायचे, कधी सहासष्ट. उत्तर बरोबर आलं तरी त्याला समाधान नसायचं, कारण मी ठोकून दिलंय हे त्याला माझ्या पाठीवरूनच कळायचं. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक बंड्याशेठ एकदा वैतागून म्हणाले की दोन्हींतून आवाज येतो ना, मग झालं तर. त्यावर नरूदादा एवढा दुखावला की त्या रात्रीचा सबंध कार्यक्रम त्याने त्यांच्याकडे न बघता वाजवला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी रोह्याची. दिवसा एका दवाखान्यात काउंटरवर बसायचे, अजूनही बसते, आणि लग्नसराईत पेणच्या या ऑर्केस्ट्रात गायचे. हळदी, साखरपुडे, नवरात्र, कुणाच्या तरी वाढदिवसाचा मांडव, जे येईल ते. नरूदादा कासूचा. डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे क्रेनवर कामाला आणि आमच्याकडे बेसवर. आमच्या भागात बेस गिटार म्हणजे काय हे कोणाला सांगून पटत नाही. चारच तारा बघून लोक हळहळतात. एका हळदीत नवऱ्या मुलाच्या आत्याने दोन तारा तुटल्यात तर दुकानातून आणायच्या होत्या रे बाबा, म्हणून त्याला समजावलं होतं. त्यानेही मान डोलावून पुढच्या वेळी आणतो म्हणून सांगितलं. बेसचा आवाज वेगळा असा कोणाला ऐकू येत नाही, तो नसला तर मात्र गाणं पोकळ वाटतं. हे मला त्यानेच शिकवलं.

उंच, किडकिडीत, पाठीत थोडा वाकलेला, हनुवटीवर मोठा तीळ. पँट कायम कंपनीची राखाडी. बोलायला लागला की आधी खाकरायचा, आणि निम्म्या वेळा खाकरून गप्प बसायचा. "घाई कोणाला?" हे त्याचं पालुपद. त्याला काही निवडायला लावणं म्हणजे छळ करणं. एकदा पेणच्या बाजारात चपला घ्यायला मी त्याच्याबरोबर गेले. दोन जोड समोर होते, दोन्ही काळे, दोन्ही त्याच्या मापाचे. त्याने एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरी घातली आणि दुकानात फेऱ्या मारायला लागला. दुकानदाराने चहा मागवला, चहा पिऊन झाला, दुसरी गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी नरूदादा म्हणाला की जुन्याच शिवून घेतो, अजून दम आहे त्यांच्यात. मला त्या दिवशी हसू आलं होतं.

आता त्या दोन गिटारींचं सांगते, कारण त्याच्याबद्दल सांगायचं तर त्यांना टाळून चालत नाही. साठ-बासष्ट सालच्या सुमाराला परदेशात ज्या बेस निघाल्या त्यांचा आवाज लोकांच्या कानात असा बसला, की आजही नव्या गिटारी त्याच जुन्या घाटाच्या बनवतात. नरूदादाकडची एक होती बासष्ट सालच्या नमुन्याबरहुकूम बनवलेली, दुसरी सहासष्टच्या. नावं पडली ती तशी. लांबून बघाल तर जुळ्या बहिणी. तेच अंग, तोच काळपट कडांचा आणि मध्ये मधाळ होत गेलेला रंग, तीच कासवाच्या पाठीसारखी पट्टी. बासष्टला आवाजाची बटणं एकावर एक चढवलेली, सहासष्टला तीन सुटी सुटी. सहासष्टच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार आणि मध्ये चौकोनी ठिपके, बासष्टचे ठिपके गोल. सहासष्ट मांडीवर सोडली तर मान खाली टाकते, बासष्ट जागच्या जागी बसते. बासष्टचं वरचं बटण फिरवलं की खालचंही थोडं फिरतं, घामाने चिकटतात ती. "घरच्यासारखं गो," तो म्हणायचा, "एकाला हात लावला की दुसरं हलणारच." आवाजाबद्दल त्याचं म्हणणं असं, की बासष्टचा पोटातून येतो आणि सहासष्टचा छातीतून. आणि एवढं सगळं तो वाजवणार कशावर, तर भाड्याच्या स्पीकरवर, शेजारी ऑक्टापॅडचा धडधडाट आणि समोर हळदीत नाचणारं अख्खं गाव.

बासष्ट त्याची स्वतःची. कंपनीत पर्मनंट होऊ असं वाटत होतं त्या वर्षी त्याने ती मुंबईहून आणली. ती नवीच, पण जुनी दिसावी म्हणून बनवणाऱ्यांनीच तिला जागोजागी झिजवलेलं, कडांचे टवके उडवलेले. बंड्याशेठनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. सहासष्ट मात्र फ्रान्सिसने आणलेली.

फ्रान्सिस आमचा आधीचा गिटारवाला. तो गोव्याला एका हॉटेलच्या बँडमध्ये गेला. तिथे म्हातारे गोरे पाहुणे येतात, त्यांना त्यांच्या तरुणपणची गाणी लागतात आणि गाण्यांचा आवाजही तेव्हाचाच लागतो. एका नाताळात घरी आला तेव्हा फ्रान्सिस हॉटेलच्या बँडमध्ये पडून असलेली सहासष्ट नरूदादाकडे ठेवून गेला. म्हणाला, आम्हाला तुझ्यासारखा बेसवाला हवाय, उगाच नाचणारा नको. दोन्ही वाजवून बघ, जिच्यावर हात बसेल ती घे आणि ये. एकच आण, दुसरी तिथेच ठेव, आम्ही दोघं-तिघं एका खोलीत राहतो, जागा नाही. नरूदादा त्या दिवशी इतका खूश होता की त्याने खाकरल्याशिवाय बोलायला सुरुवात केली. गिटार ठरली की निघतो, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं.

परीक्षा सुरू झाल्या त्या तेव्हापासून. पुढच्या नाताळात फ्रान्सिस आला तेव्हा गिटार ठरली नव्हती. त्याच्या पुढच्या नाताळातही नाही. मधल्या काळात दुसरा कोणीतरी बेसवाला तिथे लागला, सोडून गेला, तिसरा लागला. फ्रान्सिस फोन करत राहिला. नरूदादा त्याला तारांच्या जाडीबद्दल सांगत राहिला.

हे गिटारीचं कारण जेव्हा फारच ताणलं जायचं तेव्हा तो दुसरं सांगायचा, इंदूताईचं. इंदूताई त्याची थोरली बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. लग्न झालं नाही. आईवडील गेल्यावर कासूच्या घरात ही दोघंच. ती रोज पॅसेंजरने पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची, संध्याकाळी परत. तिच्या हाताखाली पितांबराला जो काठ उमटतो तसा दुसऱ्या कोणाला जमत नाही असं कारखान्याच्या मालकीणकाकी सांगायच्या. पण गावात ती बिचारी इंदूच. "तिला टाकून कसा जाऊ?" असं नरूदादाने म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद व्हायचं. माझंही झालं. उलट मला त्याच्याबद्दल फार आदर वाटायला लागला.

एका रविवारी तालमीला मी कासूला त्यांच्या घरी गेले होते. तालीम आटोपल्यावर त्याने मला भिंतीकडे उभं केलं, मी नेहमीसारखी नापास झाले. मग म्हणाला, थांब, आता गंमत बघ. त्याने इंदूताईला हाक मारली, म्हणजे जमिनीवर दोनदा पाय आपटला. त्यांच्या ओटीवर एक जुनं सागवानी कपाट आहे. इंदूताई आली, हात पदराला पुसले, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि उजवा तळवा तिने कपाटाच्या दारावर टेकला. नरूदादाने गिटारीचं डोकं कपाटाला मागच्या बाजूने टेकवलं आणि वाजवलं. वायर नाही, स्पीकर नाही. मला जेमतेम टण टण ऐकू येत होतं. तिने न वळता एका मुठीवर दुसरी मूठ ठेवली. एकावर एक बटणं, बासष्ट. त्याने दुसरी घेतली, तिने डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बोटाने रेघ ओढली. किनार, सहासष्ट. त्याने फसवायला एकच गिटार दोनदा वाजवली, तिने मूठ जागची हलवली नाही. एकदाही चुकली नाही.  सगळ्या तालुक्यात ज्या एका माणसाला त्या दोन गिटारींमधला फरक कळत होता, तिला काही ऐकूच येत नव्हतं.

मग ती वळली. तिने पुन्हा मुठीवर मूठ ठेवली, या वेळी जोरात. हाताचा कोपर वाकवून तो खिडकीच्या दिशेने लांबवर सरकवत नेला, जशी गाडी जाते. आणि नरूदादाच्या छातीवर बोट ठेवलं. मी विचारलं, काय म्हणते? तो खाकरला. म्हणाला, दोन्ही बऱ्या हायत म्हणते, आणि तुझ्या गाडीचा टाइम झाला, निघायला पाहिजे. मी घाईघाईने पर्स उचलली. स्टेशनवर येऊन बघते तर गाडीला बराच वेळ होता.

कासू स्टेशन त्यांच्या घरापासून शेत ओलांडलं की लागतं. पॅसेंजर थांबते, गोव्याला जाणाऱ्या लांबच्या गाड्या थांबत नाहीत. त्या वेगात निघून जातात आणि ओटीवरचं ते कपाट थरथरतं. नरूदादा वाजवताना मध्येच हात उचलायचा, गाडी जाऊ द्यायचा, मग पुढचा सूर घ्यायचा. त्याला त्याची इतकी सवय झाली होती की हळदीतही कधी कधी मध्येच थांबायचा, आणि आमचा ढोलकीवाला त्याला ढोसायचा.

तो अडकण्यातच सुखी असतो हे मला पहिल्यांदा कळलं ते वडखळला. अलिबागच्या बाजूला कार्यक्रम होता आणि आमचा टेम्पो नाक्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत उभा राहिला तो हलेचना. ऊन डोक्यावर. बंड्याशेठ पुढे बसून दर दोन मिनिटांनी फोनवर निघालोच, आलोच म्हणत होते. ढोलकीवाला खाली उतरून शिव्या घालत होता. मी घामाने चिंब, साडीच्या निऱ्या कुठल्या कुठे. नरूदादा मात्र टेम्पोच्या पत्र्याला बासष्टचं डोकं टेकवून, कान पत्र्याला लावून, शांत वाजवत बसला होता. चेहऱ्यावर असं काही समाधान की मला राग आला. मी म्हटलं, तुला काहीच कसं वाटत नाही? तो म्हणाला,

"अडकलेलं बरं असतं गो. ठरवायला लागत नाय."

हसत म्हणाला, पण मला ते वाक्य बोचलं. तेव्हा माझ्या घरी माझ्या लग्नाचं बघत होते, मीही होय-नाही करत होते, म्हणूनही बोचलं असेल. कार्यक्रमाला आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे हळद लागून वाळलीसुद्धा होती.

क्रेनवरच्या कामाबद्दल तो फारसं बोलायचा नाही. एकदाच सांगितलं. वर केबिनमध्ये चढलं की शिफ्ट संपेपर्यंत खाली नाही. खालचा माणूस हाताने खुणा करतो, त्याप्रमाणे उचलायचं, न्यायचं, ठेवायचं. कुठे ठेवायचं ते आपण ठरवायचं नाही. काचेमुळे वरच्या पट्टीतले आवाज येत नाहीत, फक्त खालची घरघर पायांतून चढते. तो म्हणाला की दिवसभर मी बेसमध्येच बसलेला असतो. घरी आलो की इंदूच्या खुणा, कामावर गेलो की खालच्याच्या खुणा. मला त्याची फार दया आली. आठ तास त्या काचेच्या पेटीत टांगलेला नरूदादा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्याला मात्र त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मग गणपती होऊन गेल्यानंतरची गोष्ट. कारखान्यात तेव्हा थोडे दिवस सामसूम असते. मी सकाळच्या गाडीने तालमीला कासूला पोहोचले तर ओटीवर एक लांबट खोका. नरूदादा पहिल्या पाळीला न जाता घरी थांबलेला, इंदूताई शेजारी उभी, तिचे डोळे लकाकत होते. तिने त्याला खोका उघडायची खूण केली. वर पेंढा, खाली कागदाची भेंडोळी, जशी मूर्ती लांबच्या गावाला पाठवताना भरतात तशी. आणि आत बासष्ट.

तिचा एकही टवका शिल्लक नव्हता. तारा काढून, बटणं झाकून इंदूताईने सगळ्या झिजलेल्या जागा लांबीची पुट्टी भरून घासल्या होत्या, स्प्रे गनने रंग मारला होता, वर असं वार्निश चढवलं होतं की आमची तिघांची तोंडं त्यात दिसत होती. अंगाच्या कडेने तिने बारीक सोनेरी काठही काढला होता, पितांबराला काढतात तो. त्या कारखान्याची रीत आहे, टवका उडालेली मूर्ती दाराबाहेर जात नाही. कोपरा जरी दुखावला असला तरी पाठवायच्या दिवशी तिच्यावर शेवटचा हात फिरवतात, मग पेंढ्यात भरतात. मुंबईच्या दुकानात ज्या झिजेसाठी त्याने ती गिटार निवडली होती, ती झीज पेणच्या हाताने, तो जादा पाळ्यांवर असताना, दोन दिवसांत पुसून टाकली.

नरूदादाने त्या सोनेरी काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "संपली."

मला हसावं की रडावं ते कळेना. इंदूताई त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत होता. तिने पुन्हा तीच खूण केली. मुठीवर मूठ, लांब सरकत जाणारा हात, त्याच्या छातीवर बोट. मी म्हटलं, दादा, मी तर आत्ताच आले, माझ्या गाडीचं आत्ता काय? त्याने तारा चढवायला घेतल्या. चढवता चढवता त्याचा चेहरा मोकळा होत गेला, आणि शेवटची तार पिळताना तो म्हणाला की रंगाचा थर बसला म्हणजे आवाज बदलला असणार, आता दोघी परत पहिल्यापासून ऐकायला हव्यात.

तालमीनंतर मी रोह्याला परतले नाही, इंदूताईबरोबर पेणला गेले. कारखान्यात मालकीणकाकी होत्या. त्यांनी इंदूताईला लहानपणापासून पाहिलेलं, तिच्या खुणा त्यांना तोंडपाठ. मी ती खूण करून दाखवली आणि याचा अर्थ काय म्हणून विचारलं. काकी म्हणाल्या, अगो सोपं आहे, बासष्ट घे आणि गाडीत बस, असं म्हणते ती त्याला. केव्हापासून म्हणते? केव्हापासून म्हणजे, तो गोवेवाला दुसरी गिटार ठेवून गेला त्या आठवड्यापासून. मग इंदूताई हात हलवायला लागली, भराभर, मला समजेना, आणि काकी तिच्या बोटांकडे बघत सांगत गेल्या.

"ती म्हणते, मी त्याला कधी थांब म्हटलं नाय. आता माझं ऐक, माझी वरची खोली हिच्यासाठी किती वर्षं रिकामी हाय, तुला म्हायती हाय? हीच येत नव्हती. म्हणते, नरूला एकट्याला घर खायला उठेल."

मी तिथेच मूर्तींच्या रांगेत पाटावर बसले. एक बहिणीसाठी थांबलेला, दुसरी भावासाठी, आणि मधल्यामध्ये सगळं गाव तिला बिचारी म्हणत होतं. त्याचाही राग आला, पण तो टिकला नाही.

पुढच्या कार्यक्रमाला मी त्याला गाठलं आणि सरळ विचारलं. मला वाटलं तो चपापेल. तो तारांखाली फोमचा तुकडा बसवत होता, कारखान्यात मूर्तींच्या पॅकिंगला येतो त्यातलाच, आवाज जुना यावा म्हणून. तो नीट बसवून झाल्यावर म्हणाला,

"पयल्याच दिवशी सांगितलंन तिनं. मला काय कळत नाय काय? पन ती तिनं निवडली गो. मी कुठं निवडली?"

 मी माझ्या गाण्यांचे कागद लावत बसले.

दिवाळीनंतर इंदूताईने स्वतःच सोक्षमोक्ष लावला. ट्रंक घेतली आणि पेणला काकींच्या वरच्या खोलीत राहायला गेली. रोज रात्री ती नरूदादाला व्हिडिओ कॉल करायची, जेवलास का विचारायची आणि मुठीवर मूठ ठेवायची. आता त्याच्याकडे सांगायला कारण उरलं नव्हतं. तो अधिकच वाकला. तालमीत दोन्ही गिटारी आणायचा आणि एकही परीक्षा घ्यायचा नाही, आणि ते मला जास्त भीतीदायक वाटायचं. कपाटाजवळ वाजवताना गाडी गेली तरी आता तो हात उचलायचाच नाही, वाजवतच राहायचा, असं त्याच्या शेजाऱ्याने मला सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फ्रान्सिसचा फोन आला. बेसवाला सोडून गेलाय, हॉटेलवाल्यांना आता कायमचा माणूस हवाय. या आठवड्यात आलास तर तू, नाहीतर ते दुसऱ्याला घेतील आणि मी यापुढे फोन करणार नाही. हे मला नरूदादानेच सांगितलं, आणि लगेच म्हणाला की जातो. तिकीटही काढलं, रोह्याहून. मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यात काउंटरवर बसल्या बसल्या रडले. डॉक्टरांना वाटलं घरी काहीतरी झालं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि त्याला निरोप द्यायला स्टेशनवर गेले.

दुपारची वेळ, फलाटावर तुरळक माणसं. तो टोकाच्या लोखंडी बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, राखाडी नसलेली पँट, पायात नव्या चपला. मी त्या नव्या चपला बघितल्या आणि मला वाटलं, आता हा जाणार. मग बाकाच्या दोन्ही बाजूंना टेकवलेल्या दोन गिटारी दिसल्या. मी विचारलं, एकच ना? तो म्हणाला, व्हय, एकच, घरून निघताना ठरत नव्हतं म्हणून दोन्ही आणल्या, एक तुझ्याकडे ठेवून जाईन. इंदूताईने सकाळी फोनवर दोन्ही हात जोडून नमस्कार केला म्हणे, मुठी नाही केल्या.  बाकीचं आम्ही इकडचं तिकडचं बोललो. गाडीची घोषणा झाली तेव्हा तो खाकरला.

"पाठ फिरव गो. शेवटचं."

मी म्हटलं, दादा, गाडी येतेय.  त्याच्या डोळ्यांत अशी काही विनवणी होती की मी वळले. रुळांकडे माझी पाठ, समोर स्टेशनची पिवळी भिंत. आणि काय सुचलं कोणास ठाऊक, मी हात मागे नेला आणि इंदूताई टेकायची तसा तळवा बाकाच्या लोखंडावर टेकला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याने गिटारीचं डोकं लावलं. चार सूर आले. कानाला काही नाही, तळव्याला मुंग्या चढाव्यात तसे.

तेवढ्यात गाडी आली. सगळा बाक थरथरायला लागला, चार सूर त्यात बुडून गेले. दारं, माणसं, चहावाला, कुणाची तरी पेटी. मला वळून त्याचा दंड धरून ओढावंसं वाटत होतं. पण त्याला कुणीतरी उचलून ठेवणं म्हणजे पुन्हा क्रेनच झाली असती. एवढं एक त्याचं त्यानेच करायला हवं होतं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले आणि मनात नुसतं ऊठ, ऊठ म्हणत राहिले. शिट्टी झाली. डबे हलले. मी डोळे घट्ट मिटून घेतले. वळल्यावर बाक रिकामा दिसावा आणि त्याच्या एका बाजूला एकच गिटार टेकलेली असावी, कुठली का असेना, एवढंच मला हवं होतं.

गाडी गेली. लोखंडातली धडधड उतरत उतरत विझली. आणि तिच्या खाली, माझ्या तळव्यात, चार सूर होते. गाडी येण्याआधी होते तेच, त्याच लयीत, कुठेही न तुटता.

आयुष्यात पहिल्यांदा मला फरक कळला. पोटातून येणारा, सावकाश पसरणारा. ठोकून द्यायची गरजच नव्हती.

"बासष्ट," मी न वळता म्हटलं.

"बरोबर," तो म्हणाला. मग मागे ती खाली ठेवल्याचा आणि दुसरी उचलल्याचा आवाज आला.